अंग बाहेर येणे : एक न सांगितलेले दुखणे

(पंचायत सदस्य, ग्रामसेवक, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय चारचौघांत उच्चारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ग्रामसभेत विहिरीचा प्रश्न निघतो, रस्त्याचा निघतो, शाळेच्या गळक्या छपराचा निघतो. परंतु "अंग बाहेर येते" हे शब्द कोणत्याही सभेच्या इतिवृत्तात सापडावयाचे नाहीत. ते शब्द भांगलणीच्या वेळी किंवा पाणवठ्यावर एक बाई दुसरीच्या कानात सांगते, आणि दुसरी तिला म्हणते, "बाईच्या जातीला हे चालायचंच." त्या एका वाक्याने प्रश्न निकालात निघतो आणि बाई पुन्हा हंडा उचलते. पुढे दहा-पंधरा वर्षांनी तीच बाई रुग्णालयात येते तेव्हा तिचे गर्भाशय संपूर्णपणे शरीराबाहेर लोंबत असते, लुगड्याला घासून त्यावर जखमा झालेल्या असतात, आणि बरोबर आलेल्या मुलाला आईला काय झाले आहे याची कल्पनाही नसते.

वस्तुतः हा विकार गूढ नाही. त्याची कारणे बव्हंशी ठाऊक आहेत, प्रत्येक अवस्थेसाठी उपाय आहेत, आणि लवकर लक्षात आल्यास त्यांतील पहिला उपाय फुकट आहे. अडचण आहे ती त्याच्याविषयी बोलण्याची. म्हणूनच हा विषय डॉक्टरांच्या परिषदेपुरता न ठेवता येथे मांडलेला आहे.

शिंके आणि फळी

स्त्रीच्या कमरेच्या हाडांचे जे कडे असते त्याला शरीरशास्त्रात श्रोणी म्हणतात. या कड्यात पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय व मागे गुदाशय असे तीन अवयव दाटीने वसलेले असतात. गर्भ नसताना गर्भाशय जेमतेम साडेसात सेंटिमीटर लांब आणि ५० ते ६० ग्रॅम वजनाचे, लहानशा पेरूएवढे असते. एवढीशी वस्तू जागच्या जागी राहावी यासाठी निसर्गाने दुहेरी व्यवस्था केलेली आहे.

जुन्या घरांत आढ्याला शिंके टांगलेले असे व त्यात दुधाचे भांडे ठेवीत. अशा शिंक्याच्या खाली एक फळी बसविली आहे आणि भांड्याचा बहुतेक भार त्या फळीवर आहे, अशी कल्पना करावी. मग शिंक्याच्या दोऱ्यांना काम फार थोडे उरते. भांडे डुलू नये एवढेच त्यांनी पाहावयाचे. फळी निघाली की सगळा भार दोऱ्यांवर येतो. त्या पहिल्याच दिवशी तुटत नाहीत; ताणत जातात, आणि शिंके दिवसेंदिवस खाली येते. श्रोणीमध्ये फळीचे काम तळाशी पसरलेले स्नायू करतात आणि दोऱ्यांचे काम गर्भाशयाच्या मुखाजवळून बाजूंकडे व मागे माकडहाडाच्या दिशेने गेलेले बंध करतात. स्नायू दुबळे झाले की बंध ताणतात, आणि बंध ताणले की गर्भाशय योनिमार्गातून खाली सरकू लागते. यालाच गर्भाशयभ्रंश म्हणतात. कित्येकदा गर्भाशय जागेवर असते, पण योनिमार्गाची पुढची भिंत ढिली पडून मूत्राशय फुगवट्यासारखे खाली येते, किंवा मागची भिंत ढिली होऊन गुदाशय पुढे येते. लोकभाषेत या सर्वांना एकच नाव आहे : अंग बाहेर येणे.

ही फळी मुख्यतः बाळंतपणात हलते. मुलाचे डोके बाहेर येताना तळाचे स्नायू त्यांच्या नेहमीच्या लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात. काही स्त्रियांत ते हाडापासून सुटतात, काहींत त्यांच्या शिरांना इजा होते. गर्भाशयाचे मुख पूर्ण उघडण्याआधीच बाईला जोर करावयास लावणे, कळा लांबणे, घाई करून पोट वरून दाबणे, चिमटा लावून मूल ओढणे, या सर्वांनी इजा वाढते. बाळंतपणांची संख्या वाढते तसा धोका वाढतो. याचा अर्थ शस्त्रक्रियेनेच मूल जन्माला घालावे असा कोणी घेऊ नये. बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत नैसर्गिक प्रसूती नीट देखरेखीखाली झाली तर शरीर बऱ्याच अंशी सावरते. मात्र सावरण्यासाठी त्याला वेळ मिळावा लागतो.

हा वेळेचा मुद्दा थोडा विस्ताराने पाहावा लागेल, कारण गावाच्या हातात जे काही आहे ते येथेच आहे. प्रसूती होताच गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते. ते कमी होत होत सहा आठवड्यांनी पूर्ववत ६० ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे ज्या दिवसांत फळी सैल असते आणि दोऱ्याही ढिल्या असतात, नेमके त्याच दिवसांत वरचे भांडे सर्वांत जड असते. आपल्या पूर्वजांनी बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती सांगितली, पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रूढी पाडली. शेक-शेगडी आणि काळोखी खोली यांविषयी आजच्या वैद्यकाचे मत काहीही असो, सव्वा महिन्याचा हिशोब मात्र शरीरशास्त्राशी बरोबर जुळतो. खेद एवढाच की हा सव्वा महिना ज्यांच्या घरी दाणे भरलेले असत त्यांच्याच सुनांना मिळे. मोलमजुरी करणाऱ्या बाईला तो पूर्वीही मिळत नव्हता आणि पुष्कळ ठिकाणी आजही मिळत नाही.

ऊसतोडणीच्या फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामावर न आल्यास खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटेपासून ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, आणि तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवावयाची, असे हे काम. अशा कामावर बाळंतपणानंतर पंधरवड्यात परतलेल्या बाईच्या ओटीपोटावर काय भार पडत असेल हे सांगण्यास वैद्याची गरज नाही. भातलावणीची बाई, वीटभट्टीवरची बाई, दोन-दोन हंडे घेऊन चढण चढणारी बाई यांची कथा फारशी वेगळी नाही. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो वजन, आणि अशा खेपा दिवसाकाठी किती होतात ते घरोघरच्या पुरुषांनी एकदा मोजून पाहावे.

याखेरीज चुलीच्या धुराने जडलेला जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि स्थूलपणा यांनीही पोटातील दाब वारंवार वाढतो. शौचास जाण्यासाठी अंधार पडण्याची वाट पाहावी लागते तेथे बद्धकोष्ठ ओघानेच येते. कमी वयात लग्न आणि लागोपाठ बाळंतपणे ही कारणे तर सर्वज्ञात आहेत. पाळी कायमची थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि अगोदरच ताणलेले बंध अधिक दुबळे होतात. त्यामुळे विशीतील इजेचे फळ पन्नाशीत दिसते. काहींचे बंध जन्मतःच कमकुवत असतात आणि मूल न झालेल्या स्त्रीलाही हा विकार होऊ शकतो. तेव्हा "हिने काही तरी केले असेल" असा संशय घेणाऱ्यांनी जीभ आवरावी. उष्णतेने, नजर लागल्याने किंवा पूर्वकर्माने अंग बाहेर येत नाही.

बाई काय सांगते आणि काय सांगत नाही

गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही पाहणी केवळ अंग बाहेर येण्यापुरती नव्हती. स्त्रियांच्या सर्वच विकारांची होती व त्यांत जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता विकार आढळला. त्यापूर्वी कधीही अशी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या दोन आकड्यांमधील अंतर हाच आजच्या भाषणाचा खरा विषय आहे. त्या पाहणीला आता तीन तपांहून अधिक काळ लोटला, दवाखाने वाढले, रस्ते झाले. तरी मौनाची सवय रस्त्याच्या वेगाने बदलत नाही.

हे मौन सोडविण्यासाठी लक्षणे ठाऊक हवीत. बाई सहसा "अंग बाहेर येते" असे प्रथम म्हणत नाही. ती म्हणते, कंबर दुखते. ओटीपोटात जड वाटते. खाली काहीतरी आल्यासारखे वाटते. ही तक्रार दिवस चढेल तशी वाढते, संध्याकाळी असह्य होते आणि रात्री आडवे झाल्यावर कमी होते. ही खूण फार उपयोगी आहे. काहींना खोकताना, शिंकताना लघवी सुटते. उलट काहींना लघवी पूर्ण होत नाही, बोटाने फुगवटा आत ढकलल्याखेरीज धार लागत नाही. शौचाच्या बाबतीतही असेच घडते. लघवी साठून राहिल्याने वारंवार जळजळ व ताप येतो, आणि विकार टोकाला गेल्यास मूत्रपिंडांवरही दाब येऊ शकतो. पतिपत्नींच्या संबंधांत अडचण येते, ती कोणाला सांगता येत नाही, आणि पुष्कळदा नवरा तिचा अर्थ भलताच लावतो. कित्येक घरांत दुसऱ्या लग्नाची भाषा येथून सुरू झालेली आहे.

डॉक्टर या विकाराच्या पायऱ्या मोजतात. गर्भाशयाचे मुख खाली आले आहे पण अजून बरेच आत आहे, ही पहिली; ते योनिद्वाराच्या आसपास पोहोचले, ही दुसरी; द्वाराबाहेर आले, ही तिसरी; आणि संपूर्ण गर्भाशयच बाहेर आले, ही शेवटची. पहिल्या पायरीवर पुष्कळ स्त्रियांना काहीच त्रास होत नाही व त्यांना औषधोपचाराची गरजही नसते. प्रत्येकीचे पाऊल शेवटच्या पायरीपर्यंत जातेच असे नाही, हे घाबरलेल्या बाईला आवर्जून सांगावे. मात्र बाहेर आलेल्या भागावर जखम होऊन रक्त जाऊ लागले, किंवा पाळी थांबलेल्या बाईला पुन्हा रक्तस्राव झाला, तर एक दिवसही घालवू नये. तो भ्रंशाचाच परिणाम आहे की कर्करोगाची सुरुवात आहे हे तपासल्यावाचून कळत नाही.

घरगुती उपायांच्या नावाखाली आत फडके, बोळा किंवा पाला भरण्याचे प्रकार चालतात. त्यांनी अंग वर जात नाही. संसर्ग तेवढा होतो.

उपायांचा क्रम

पहिला उपाय तळाच्या स्नायूंच्या व्यायामाचा. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली तो शास्त्रीय रीतीने मांडला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. लघवी मध्येच थांबविताना जे स्नायू आवळले जातात तेच स्नायू आवळावयाचे, पाच ते दहा आकडे मोजेपर्यंत धरावयाचे, तितकाच वेळ सैल सोडावयाचे. असे दहा वेळा, आणि दिवसातून तीनदा. पोट, मांड्या व नितंब आवळू नयेत, श्वास रोखू नये, आणि स्नायू ओळखता आले की प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नये. तीन-चार महिने नेमाने केल्यास सौम्य विकारात जडपणा व लघवी सुटणे पुष्कळ कमी होते. बाहेर लोंबणारे गर्भाशय व्यायामाने आत जात नाही, ही त्याची मर्यादा. भाकरी थापताना, बसची वाट पाहताना, दूध पाजताना हा व्यायाम करता येतो व शेजारी बसलेल्याला कळतही नाही. आपल्याकडे लाजेचा अडसर जिथे तिथे आडवा येतो. निदान या एका उपायाला त्याची बाधा नाही.

दुसरा उपाय आधार देणाऱ्या कड्याचा, ज्याला पेसरी म्हणतात. प्राचीन ग्रीक वैद्य यासाठी अर्धे डाळिंब वापरीत असत. आज ते कडे सिलिकॉनचे असते. डॉक्टर माप घेऊन ते योनिमार्गात बसवितात व त्यावर गर्भाशय तोलून धरले जाते. हृदयविकारामुळे वा वयामुळे ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही, ज्यांना अजून मूल हवे आहे, किंवा ज्यांना सुगीपर्यंत थांबावयाचे आहे, त्या सर्वांना हे उपयोगी पडते. ते ठराविक मुदतीने काढून धुवावे लागते व दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी लागते. बसवून विसरून गेल्यास आत जखम होते. हा उपाय स्वस्त व सोपा असूनही आपल्याकडे त्याचा म्हणावा तसा प्रसार नाही. शस्त्रक्रियेची भीती घालण्यापूर्वी हा पर्याय प्रत्येक बाईला सांगितला गेला पाहिजे.

तिसरा उपाय शस्त्रक्रियेचा, आणि या क्षेत्रात मराठी मुलखाचे नाव जगभर गेलेले आहे. गोव्यात १८९९ साली जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक झालेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयमुखाला घालावयाच्या टाक्याबद्दल सर्वत्र ओळखले जातात. परंतु तरुण, मूल न झालेल्या स्त्रियांचे खाली आलेले गर्भाशय न काढता झोळीसारख्या पट्टीने मागच्या हाडाला बांधून वर धरण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी बसविली. मुंबईच्याच पुरंदरे यांच्या नावाची दुसरी पद्धत गर्भाशयमुखाला पोटाच्या पुढील भिंतीचा आधार देते. दोन्हींमागील विचार एकच आहे : दोष आधारात आहे, तेव्हा दुरुस्ती आधाराची करावी. उतार वयात, मुले झाल्यावर, बरेचसे डॉक्टर योनिमार्गाने गर्भाशय काढून त्याच वेळी ढिल्या भिंती शिवून घेतात. तीही योग्य शस्त्रक्रिया आहे. योनिमार्गातून कृत्रिम जाळी बसविण्याची एक पद्धत मध्यंतरी पुढे आली होती, पण तिचे उपद्रव लक्षात आल्यावर २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भ्रंशासाठी अशा जाळ्यांची विक्री थांबविली.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. "पिशवी काढली की कटकट संपली" असे वाक्य गावोगाव ऐकू येते. शिंके खाली आले म्हणून भांडे फेकून दिले तरी दोऱ्या सैलच राहतात. केवळ गर्भाशय काढले आणि आधाराची दुरुस्ती केली नाही, तर पुढे योनिमार्गाचा माथाच खाली उलटून येऊ शकतो व तो दुरुस्त करणे अधिक अवघड असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. त्यांतील सर्वच अनावश्यक होत्या असे नव्हे. परंतु पांढरे जाणे, पाळीचा त्रास, कंबरदुखी, अंग बाहेर येणे अशा परस्परांहून भिन्न तक्रारींना एकच उत्तर मिळू लागले आणि त्यामागे खाडा चुकविण्याचा हिशोब असला, तर तो उपचार राहत नाही. तरुणपणी गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले की हाडे लवकर ठिसूळ होतात आणि मजुरी करण्याची ताकदच ओसरते, हे त्या बाईला आधी कोणी सांगितलेले नसते.

गावपातळीवर काय करता येईल

शेजारच्या नेपाळमध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००८ साली त्या न्यायालयाने गर्भाशयभ्रंशाकडे दुर्लक्ष होणे हा स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याच्या हक्काचा भंग मानून सरकारला उपाय योजण्याचे आदेश दिले. आपल्याकडे न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. यंत्रणा बरीचशी उभी आहे. आशा कार्यकर्तीने प्रसूतीनंतर ४२ दिवसांत तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जावयाचे असते. घरीच बाळंतपण झाले तर पहिल्या दिवशीही. या भेटींत बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो. त्याच वेळी आईला दोन प्रश्न विचारण्यास दोन मिनिटे लागतात : "खाली काही आल्यासारखे, जड वाटते का? खोकताना लघवी सुटते का?" सासू उठून आत गेल्यावर हे विचारावे, म्हणजे उत्तर खरे मिळते. व्यायामही तेव्हाच शिकविता येतो.

उपकेंद्रात तपासणीच्या टेबलाला पडदा नसतो, दाराला कडी नसते, आणि खिडकीबाहेर पोरे उभी असतात. तेथे कोणती बाई अंग दाखवील? ग्राम आरोग्य समितीने प्रथम पडदा व कडी एवढेच पाहिले तरी पुष्कळ काम होईल. महिला डॉक्टर ज्या दिवशी येणार तो दिवस बाजाराचा ठरवावा. बाई बाजाराला म्हणून घराबाहेर पडू शकते, दवाखान्याला म्हणून पडणे तिला कठीण जाते. ग्रामसभेपूर्वी भरणाऱ्या महिला सभेत हा विषय आरोग्य सेविकेने काढावा. पुरुष सदस्यांनी तेथे नसणेच बरे, मात्र सभेतून आलेली मागणी त्यांनी पुढे थट्टेवारी नेऊ नये.

नळयोजना लांबणीवर टाकताना पंचायतीने हेही ध्यानात घ्यावे की तिचा संबंध बायकांच्या ओटीपोटाशी आहे. घरोघरचे शौचालय आणि धुराविना चूल यांचीही तीच गोष्ट. शिक्षकांकडे दुहेरी काम आहे : मुलींना शरीराची माहिती देताना हा धडा वगळू नये, आणि नववी-दहावीतील मुलगी अचानक शाळेत येईनाशी झाली तर लग्न ठरले की काय याची चौकशी करावी.

शस्त्रक्रिया झालेल्या बाईने साधारणपणे तीन महिने जड वजन उचलू नये, असे रुग्णालयातून घरी सोडताना सांगितले जाते व कागदावरही लिहून मिळते. तो कागद घरात कपाटावर राहतो. या तीन महिन्यांत पाण्याचे हंडे, गुरांचा भारा आणि दळणाचे पोते कोण उचलणार, हे रुग्णालयात भरती होण्याच्या आधीच नवऱ्याला, दिराला आणि मोठ्या मुलाला समोर बसवून ठरवावे लागते. हे बोलणे डॉक्टरांच्या तोंडून झाले तर उत्तम. ते शक्य नसेल तेथे सरपंचांनी किंवा शाळेच्या गुरुजींनी ते करावे.